दुबईचा फ्लॅट : भाडे किती, खर्च किती आणि कागद कुणाकडे?

गेल्या वर्षी रमजान ईदनंतर खाडीपट्टीतल्या एका गावातून एक भाभी आपल्या धाकट्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकचा फोल्डर आणि फोल्डरात अरबी-इंग्रजी कागद. त्यांच्या शोहरांनी सत्तावीस वर्षे दुबईत काढली. २०२१ साली ते कायमचे गावी परतले आणि रमजानच्या थोडे आधी अचानक त्यांचा इंतकाल झाला. तिकडे आपला एक फ्लॅट आहे, एवढे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तो कुठल्या इमारतीत आहे, भाडेकरू कोण, भाडे कोणत्या खात्यात पडते, त्यावर इथे कर लागतो की नाही, यातले काहीच कुणाला सांगता येईना.

"हे म्हणायचे, मी आहे ना," भाभी म्हणाल्या. "मग मी कशाला विचारू?"

मुलाचा हिशेब मात्र तयार होता. फ्लॅट आठ लाख दिऱ्हमचा, भाडे वर्षाला साठ हजार. "म्हणजे चाचा, महिन्याला लाख-सव्वा लाख रुपये येत असतील ना?"

हाच हिशेब आज आपल्या समाजातील शेकडो घरांत चालतो. पहिल्या पिढीतली माणसे दुबईत गेली तेव्हा देरा किंवा बर दुबईत एका खोलीत आठ-आठ जण राहायची. घर बांधायचे ते गावी, हे ठरलेलेच होते, कारण तिकडे परदेशी माणसाला जागा विकत घेता येत नसे. २००२ साली दुबईने काही भागांत परदेशी नागरिकांना मालकी हक्काने घरे घेण्याची मुभा दिली आणि २००६ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने तिला पक्का आधार मिळाला. मग अकाउंटंट, इंजिनिअर, दुकानदार असलेली पुढची पिढी जुमेरा व्हिलेज, इंटरनॅशनल सिटी, मरीना अशा भागांत फ्लॅट घेऊ लागली. आता तर बिल्डरांची माणसे मुंबईच्या हॉटेलांत प्रदर्शने भरवतात आणि व्हॉट्सॲपवर रंगीत जाहिराती येतात : "सात ते आठ टक्के भाडे, टॅक्स शून्य."

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. उरलेला अर्धा भाग या लेखात पाहू.

खरेदीच्या दिवशी

मुलाचाच आकडा घेऊ : आठ लाख दिऱ्हम. दुबईच्या जमीन विभागाची नोंदणी फी किमतीच्या ४ टक्के, म्हणजे ३२ हजार. कायद्यात ही फी विकणारा आणि घेणारा यांच्यात अर्धी-अर्धी आहे, पण व्यवहारात बहुतेक वेळा ती सगळी घेणाऱ्याच्याच माथी येते. एजंटची दलाली साधारण २ टक्के, वर त्या दलालीवर ५ टक्के व्हॅट, म्हणजे १६,८०० दिऱ्हम. नोंदणीचा व्यवहार अधिकृत ट्रस्टी कार्यालयात होतो. पाच लाख दिऱ्हमच्या वरच्या घराला त्याची फी ४ हजार अधिक व्हॅट, म्हणजे ४,२००. मालकीपत्र आणि किरकोळ फी मिळून आणखी सहाएकशे. एकूण साडेत्रेपन्न हजारांच्या आसपास. आठ लाखांचा फ्लॅट पहिल्याच दिवशी साडेआठ लाखांच्या पुढे गेला.

बँकेचे कर्ज घेतले तर कर्जाच्या ०.२५ टक्के गहाणाची नोंदणी फी, मूल्यांकनाची फी आणि बँकेची प्रक्रिया फी, हे सगळे वेगळे. आपल्यापैकी बरेच जण व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात आणि इस्लामी बँकेच्या इजारा पद्धतीने घर घेतात. दुबईत ही सोय जुनी आहे. दुबई इस्लामिक बँक १९७५ पासून चालू आहे. पण इजारात सूद नसला तरी नोंदणी, मूल्यांकन आणि प्रक्रियेचा खर्च तिथेही असतोच. "इस्लामी आहे म्हणजे स्वस्त पडेल" असे समजून कुणी सही करू नये. करार वाचावा, हप्ता चुकला तर काय होते ते विचारावे आणि शंका असेल तर आलिमांना तोच करार दाखवावा. जाहिरात दाखवून फतवा मागण्यात अर्थ नाही.

इमारत बांधून व्हायच्या आधीच फ्लॅट घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की करावी. २००७ च्या कायद्याप्रमाणे बिल्डरला ग्राहकांचे पैसे त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. चेक त्या खात्याच्या नावाने आहे की बिल्डरच्या वा एजंटच्या नावाने, हे पाहून मगच तो फाडायचा. २००८-०९ च्या मंदीत दुबईतले किती प्रकल्प अर्धवट राहिले आणि किती जणांची जन्माची कमाई त्यात अडकली, हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको.

भाड्यातून काय उरते

दुबईत भाड्याच्या उत्पन्नावर व्यक्तीला आयकर नाही. २०२३ पासून लागू झालेला ९ टक्क्यांचा कंपनी करही स्वतःच्या नावावरच्या घराच्या भाड्याला लागत नाही. राहत्या घराच्या भाड्यावर व्हॅट नाही. (दुकानाच्या किंवा ऑफिसच्या गाळ्यावर ५ टक्के आहे. पर्यटकांना रोजच्या हिशेबाने घर द्यायचे असेल तर परवाना, व्हॅट आणि पर्यटन शुल्क असा वेगळाच पसारा आहे.) पालिकेची घरपट्टीसारखी जी फी वार्षिक भाड्याच्या ५ टक्के दराने आकारली जाते, तीही वीज-पाण्याच्या बिलातून भाडेकरूकडून वसूल होते. म्हणून "टॅक्स शून्य" हे तिकडच्यापुरते खरे आहे.

पण मालकाच्या मानेवर सर्व्हिस चार्ज बसतो. लिफ्ट, पहारा, सफाई, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा या सगळ्यांसाठी दर चौरस फुटाला ठरलेली रक्कम दरवर्षी भरावी लागते, मग घरात भाडेकरू असो वा नसो. दर इमारतीगणिक बदलतो आणि तो जमीन विभागाकडे मंजूर झालेला असतो, त्यामुळे खरेदीआधी विचारता येतो. गंमत अशी की तलाव आणि व्यायामशाळा पाहून आपण फ्लॅट पसंत करतो आणि पुढे आयुष्यभर त्यांचेच बिल भरतो.

साडेसहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटला चौदा दिऱ्हमचा दर धरला तर वर्षाला ९,१०० झाले. आपण गावी असल्यावर भाडेकरू पाहायला, चेक वटवायला, नळ गळला तर प्लंबर पाठवायला कुणीतरी लागते. व्यवस्थापकाने भाड्याच्या ५ टक्के घेतले तर व्हॅटसह ३,१५०. एसीची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती ३ हजार. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामे राहतेच; दोन वर्षांतून एकदा असे धरले तर सरासरी अडीच हजार. सगळे मिळून १७,७५० गेले. साठ हजारांतून उरले ४२,२५०. प्रत्यक्ष गुंतलेल्या साडेआठ लाखांवर हे पाच टक्क्यांना थोडे कमी पडतात. जाहिरातीत याच घराला साडेसात टक्के म्हटले असते.

हिशेबाला दिऱ्हम चोवीस रुपयांचा धरू. मुलाच्या मनातले महिन्याचे एक लाख वीस हजार आता साडेचौऱ्याऐंशी हजारांवर आले. ही रक्कम वाईट नाही. पण घरखर्च, बहिणीचे लग्न आणि अम्मीची औषधे या पैशावर ठरणार असतील तर खरा आकडा धरूनच ठरायला हवीत.

आता भाडेकरूबद्दल थोडे. भाडेकरार इजारी या सरकारी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, त्याला दोनशेवर थोडे दिऱ्हम लागतात. हा खर्च वाचवायला गेलेल्या मालकाची पुढे भांडणाच्या वेळी पंचाईत होते. भाडे मनाला येईल तसे वाढवता येत नाही. २०१३ च्या आदेशानुसार तुमचे भाडे सरकारी निर्देशांकापेक्षा दहा टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य. त्याहून जास्त फरक असेल तर पायरीपायरीने ५, १०, १५ आणि जास्तीत जास्त २० टक्के. शिवाय करार संपण्याच्या नव्वद दिवस आधी कळवायला हवे. आणि घर विकायचे आहे किंवा मुलगा तिकडे नोकरीला लागला म्हणून त्याला राहायचे आहे, तर भाडेकरूला नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. फोनवर सांगितलेले चालत नाही. मुलाचे लग्न डिसेंबरात आणि फ्लॅट विकून पैसे उभे करायचे आहेत, असे सप्टेंबरात ठरवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

गावी परतल्यावर कायदा बदलतो

जोपर्यंत माणूस कायद्याने अनिवासी आहे, तोपर्यंत दुबईच्या भाड्यावर भारतातही कर नाही. म्हणून "दोन्हीकडे शून्य" असे म्हणण्याची सवय लागते, आणि परतल्यावरही ती सुटत नाही.

भारतात आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त राहिलेला माणूस निवासी होतो. (सुट्टीवर येणाऱ्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ही मर्यादा १२० दिवसांची होते.) पण बरीच वर्षे बाहेर राहून आलेल्याला कायदा थोडी उसंत देतो. मागच्या दहांपैकी नऊ वर्षे तो अनिवासी असेल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून भारतात ७२९ दिवसांपेक्षा जास्त राहिलेला नसेल, तर त्याचा दर्जा निवासी पण सामान्य निवासी नव्हे असा राहतो. हा दर्जा साधारण दोन-तीन वर्षे पुरतो. त्या काळात परदेशातल्या भाड्यावर इथे कर नाही आणि ती मालमत्ता विवरणपत्रात दाखवण्याचीही सक्ती नाही.

ही मुदत संपली की तो सामान्य निवासी झाला. आता जगात कुठेही मिळालेले भाडे त्याच्या भारतीय उत्पन्नात धरले जाते. भारत आणि अमिरातीत दुहेरी करातून सूट देणारा करार आहे, म्हणून आपल्याला काहीच लागणार नाही, असे पुष्कळ जण ठामपणे सांगतात. करारात घराच्या भाड्यावर जिथे घर आहे तो देश कर लावू शकतो असे म्हटले आहे. याचा अर्थ भारत ते उत्पन्न सोडून देतो असा होत नाही. तिकडे भरलेल्या कराची वजावट इथे मिळते. तिकडे काही भरलेच नसेल तर वजावट कशाची?

घाबरून जाण्याआधी हिशेब करू. साठ हजार दिऱ्हम म्हणजे १४ लाख ४० हजार रुपये. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते, मग दुरुस्तीवर खर्च झालेला असो वा नसो. उरले १० लाख ८ हजार. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे परतलेल्या माणसाचे दुसरे काही उत्पन्न नसेल तर भाडे उघडपणे दाखवूनही त्याला एक रुपया भरावा लागत नाही! गावात त्याचे दुकान असेल आणि त्यातून सहा लाख सुटत असतील, तर एकूण उत्पन्न १६ लाख ८ हजार होईल आणि कर उपकरासह सव्वा लाखाच्या आसपास बसेल.

आता न दाखवण्याची किंमत पाहा. सामान्य निवासी माणसाकडे परदेशात घर असेल तर उत्पन्न करपात्र असो वा नसो, त्याला विवरणपत्र भरावे लागते आणि परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात घर, तिकडचे बँक खाते आणि भाडे नोंदवावे लागते. परिशिष्टातली माहिती जानेवारी ते डिसेंबर या वर्षाची लागते, एप्रिल ते मार्चची नाही, ही चूक फार होते. हे टाळले तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, तोही दर वर्षासाठी. जाणूनबुजून लपवल्याचे ठरले तर तुरुंगाचीही तरतूद आहे. २०२४ साली वीस लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण जमीन आणि घर त्या सुटीतून मुद्दाम वगळले आहे. जिथे कर शून्य होता तिथे दहा लाखांचा दंड, केवळ एक तक्ता न भरल्यामुळे.

"त्यांना कसे कळणार?" हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातोच. दुबईच्या बँका भारतातल्या रहिवाशांच्या खात्यांची माहिती आंतरराष्ट्रीय व्यवस्थेनुसार भारताला कळवतात, आणि भाडे त्याच खात्यात पडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने अशा माहितीच्या आधारे लोकांना मेसेज आणि ईमेल पाठवले होते. आणि कुणाला कळणार नसते, तरी अमानतीचा प्रश्न उरतोच. पण ती चर्चा मौलवीसाहेबांकडे सोपवतो.

एक दिलासा सांगायला हवा. अनिवासी असताना स्वतःच्या कमाईतून घेतलेले घर गावी परतल्यावर विकावे लागत नाही. परकीय चलन कायदा ते ठेवायला, त्याचे भाडे तिकडच्या खात्यात ठेवायला आणि वारसांकडे जायला परवानगी देतो. लपवण्यासारखे त्यात काहीच नसते, तरी लोक लपवतात. पुढे ते विकले आणि चोवीस महिन्यांहून जास्त काळ ते आपल्याकडे होते, तर निवासी माणसाला नफ्यावर भारतात १२.५ टक्के कर लागतो. तो वाचवण्यासाठी दुसरे घर घ्यायचे असेल तर ते भारतात घ्यावे लागते, शारजात घेऊन चालत नाही.

गावी बसून दुबईत घर

ज्यांनी कधी बाहेर नोकरी केली नाही, असे काही व्यापारी आणि डॉक्टरही आता चौकशी करतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी माणूस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवून घर घेऊ शकतो. आपला फ्लॅट सगळ्या खर्चासह त्या मर्यादेत बसतो. पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. साडेआठ लाख दिऱ्हम म्हणजे दोन कोटींच्या वर रुपये. त्यावर जवळजवळ ३९ लाख रुपये वेगळे मोजावे लागतील. ते बुडत नाहीत. विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोवर ते अडकून पडतात आणि खरेदीच्या वेळी हाताशी असावेच लागतात. हे टाळण्यासाठी कुणी "इथे रोख द्या, तिकडे दिऱ्हम मिळतील" असे सांगितले तर तो माणूस कितीही पाच वक्तांचा नमाजी असला तरी उठून यावे. तो हवालाच आहे.

नाव कुणाचे

भाभींच्या फोल्डरात मालकीपत्र मिळाले. नाव एकट्या मरहूमांचे. मृत्यूची खबर बँकेला लागली की दुबईतले खाते गोठते. भावाला किंवा मित्राला दिलेले मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबरच संपते. त्या कागदावर नंतर भाडे उचलणे किंवा करार करणे बेकायदा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. भाडेकरूचा करार मात्र मालकाच्या मृत्यूने संपत नाही, तो वारसांशी चालू राहतो.

मुसलमानाची दुबईतली मालमत्ता शरियतच्या हिश्श्यांप्रमाणे वाटली जाते. त्यासाठी तिकडच्या न्यायालयाकडून वारस ठरवून घ्यावे लागतात. त्याआधी इथून मृत्यूचा दाखला, दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणि निकाहनामा तयार करून त्यांवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात यांचे शिक्के घ्यायचे. मग तिकडच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अधिकृत अरबी भाषांतर. प्रत्येक टप्प्याला पैसे आणि हेलपाटे. एका कागदावर मरहूमांचे नाव आडनावासह आणि दुसऱ्यावर फक्त वडिलांच्या नावासह असेल, तर आणखी एक प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे पासपोर्टवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि गावात तिसरेच असते.

यातले बरेचसे हयातीत टळू शकते. दुबईत नवरा-बायको आणि आई-वडील-मुले यांच्यात हिबा करून घर नावावर केले तर नोंदणी फी ४ टक्के नसून किमतीच्या ०.१२५ टक्के, कमीत कमी २ हजार दिऱ्हम एवढीच लागते. आठ लाखांच्या फ्लॅटला दोन हजार. भाऊ-बहीण या सवलतीत येत नाहीत. ज्या बीवीने आपले दागिने विकून पहिला हप्ता भरला, तिचे नाव कागदावर का नसावे, हा प्रश्न मी अनेकदा विचारतो आणि समोरचा माणूस हसून विषय बदलतो. मात्र हिबा करताना एका मुलाला सगळे आणि बाकीच्यांना काही नाही, असे करू नये. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी मुलांमध्ये देताना बरोबरी राखायला सांगितले आहे. आणि केवळ मुलीला हिस्सा जाऊ नये म्हणून घाईने मुलांच्या नावे हिबा करणारे आपण कुणाला फसवतो आहोत, याचा विचार त्यांनी स्वतः करावा.

याहून धोक्याची रीत म्हणजे घर भावाच्या नावावर घेणे, कारण भाऊ तिकडे आहे आणि आपण इथे. भाऊ कितीही नेक असो, उद्या त्याचा इंतकाल झाला तर कागदाप्रमाणे ते घर त्याच्या बीवी-मुलांचे. त्यांना आपसातली जबान माहीत नसते आणि न्यायालयाला तिचा उपयोग नसतो. कुरआनातील सर्वांत लांब आयत सूरह बकरात आहे, आणि ती देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आपण ती तिलावतीत वाचतो आणि व्यवहार मात्र तोंडी करतो.

जकातीबद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात. भाड्यासाठी ठेवलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून उरून निसाबाइतकी जी रक्कम वर्षभर शिल्लक राहते तिच्यावर अडीच टक्के. पण भाव चढला की विकायचे या इराद्याने घेतलेला फ्लॅट हा तिजारतीचा माल ठरतो आणि त्याच्या बाजारभावावर जकात लागते. इराद्याप्रमाणे हिशेब बदलतो.

भाभींच्या बाबतीत एक गोष्ट बरी होती. परतल्यानंतरची पहिली तीन वर्षे मरहूमांना त्या सवलतीच्या दर्जात मिळाली होती. ते सामान्य निवासी झाले ते २०२४-२५ या वर्षी, आणि त्याचे विवरणपत्र भरायची मुदत अजून होती. मुलाने वारस म्हणून आयकर खात्याच्या पोर्टलवर नोंदणी करून ते भरले, परिशिष्टासह. इंतकालानंतरचे भाडे वारसांचे. ते आपापल्या हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाने दाखवायचे. परदेशी घरात हिस्सा आला म्हणून आता घरातल्या चौघांनाही दरवर्षी विवरणपत्र भरावे लागणार आहे. आयुष्यात कधी पॅन कार्ड न काढलेल्या भाभींनाही.

वारस चार : भाभी, दोन मुलगे आणि महाडला दिलेली एक मुलगी. मरहूमांचे आईवडील आधीच अल्लाहला प्यारे झालेले. फ्लॅटचे चाळीस हिस्से केले तर भाभींचे पाच, प्रत्येक मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. धाकटा म्हणाला, "आपा घेणार नाही, तिने सांगितलंय." मी म्हटले, तिला फोन लावा. सात हिस्से म्हणजे एक लाख चाळीस हजार दिऱ्हम, साडेतेहतीस लाखांच्या वर रुपये, हे तिला आधी कुणी सांगितले होते का? नव्हते. तिने फोनवर आकडा ऐकला आणि थोडा वेळ गप्प राहिली.

"आणि भाडं, चाचा?" तिने विचारले. "त्यातही माझा हिस्सा असतो का?"

असतो. खर्च वजा जाता वर्षाला सात हजार तीनशे नव्वदच्या आसपास दिऱ्हम, पावणेदोन लाख रुपये. मी तो आकडा तिला सांगितला आणि धाकट्याला म्हटले, हाही फोल्डरात लिहून ठेव.